भिंग आधी आईच्या हातात देणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव कुठं लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. वाचलंत तर तुम्हाला कळेलच. अकोले तालुक्यातली आमची ती पडकी विहीर, दारातली चिंच आणि धिरडी.

तुम्ही खडकांच्या अभ्यासक. पाणी का लागत नाही ते बघायला तुम्हाला बोलावलं, त्याआधी माझ्या रानात तीन बोअर कोरड्या गेल्या होत्या. पहिली पाणाड्याच्या नारळानं दाखवली. दुसरी बोअरवाल्याच्या एजंटनं, "दादा, इथं तर नदीच आहे खाली" म्हणून. तिसरी मी माझ्याच हट्टानं घेतली, तिचा दोष कुणाला देऊ? मधल्या काळात एका कार्यालयात चार खेपा घातल्या. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "तुमच्याकडं सगळा बेसाल्ट आहे." एवढंच. बेसाल्ट म्हणजे काय, हे विचारायची हिंमत झाली नाही. शाळेत भूगोलाच्या गुरुजींना एकदा विचारलं होतं, की आपल्याकडं ज्वालामुखी कुठाय? "जागृत, निद्रिस्त, मृत, तीन प्रकार पाठ कर, बाकी परीक्षेला येत नाही." ते तीन प्रकार मला अजून पाठ आहेत.

तुमच्यापुढं मी तेच अज्ञान पाजळलं. म्हटलं, ज्वालामुखी म्हणजे तोंड असलेला डोंगर ना? तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, असा डोंगर असतो तसा नसतोही. कधी तोंड नसतंच, जमीनच लांबच लांब फाटते. आइसलंडमध्ये लाकी इथं 1783 साली सुमारे 25 किलोमीटर भेग पडली आणि आठ महिने त्यातून लाव्हा वाहत होता. आपल्याकडं सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी अशाच भेगांतून लाव्हा आला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर. तो थिजून झालेला काळा खडक म्हणजेच साहेबांचा बेसाल्ट. आज उरलाय तोच 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. मग अंगणातूनच कळसूबाईकडं बोट केलंत. 1646 मीटर उंचीचा तो डोंगर ज्वालामुखीचं तोंड नव्हे, झिजून उरलेल्या थरांची चवड. स्वीडिश भाषेत जिन्याला ट्रप्पा म्हणतात, त्यावरून या खडकांना ट्रॅप नाव पडलं. जन्मभर तो डोंगर बघतोय, पण त्याच्या पायऱ्या मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या.

शिलारस आणि लाव्हा यांत माझा घोळ होत होता. एकच पदार्थ, जमिनीच्या पोटात असेपर्यंत शिलारस आणि बाहेर आला की लाव्हा, असं तुम्ही सांगितलंत. चुलीपाशी बसलेली आई लगेच म्हणाली, "म्हंजी माहेरी लेक नि सासरी सून." तुम्ही वही काढून ते लिहून घेतलंत. आई दोन दिवस हवेत होती.

आणि ते धिरडं! जेवताना तुम्ही ते ताटात हलकेच उलटसुलट करून दाखवलंत. वरून जाळी, खालून सपाट. लाव्ह्यातला वायूही वाफेसारखा वर चढतो आणि थराच्या माथ्याला भोकं ठेवून जातो. आतला भाग सावकाश निवतो, घट्ट होतो. तोच आमचा काळा पाषाण. त्यात पाणी असलंच तर फक्त भेगांत. जाळीचा खडक झिजलेला असेल, पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतील, तर पाणी धरतो. त्या गारगोटीनं बुजल्या असतील तर तोही ठणठणीत. दोन थरांमधली गेरूसारखी लाल माती पाणी खाली जाऊ देत नाही. बोअरचे सत्तर-ऐंशी हजार घालवण्याआधी एवढं कुणी सांगितलं असतं तर!

पण आभार मला या माहितीचे मानायचे नाहीत. विहिरीत उतरून तुम्ही दगडाचा एक कपचा आणलात, तेव्हा मी भिंगासाठी हात पुढं केला. घरचा कर्ता मी, बोलावणारा मी. तुम्ही म्हणालात, "आधी आजींना बघू द्या." आई शाळेची पायरी चढलेली नाही. आमच्याकडं येणाऱ्या साहेबलोकांनी तिच्याकडं चहापुरतंच पाहिलं. तुम्ही तिच्या शेजारी जमिनीवर बसलात, भिंग डोळ्याजवळ कसं धरायचं ते दाखवलंत, दगड उन्हाकडं फिरवलात. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो तर मांजऱ्या. भोकात पांढरं भरलंय." आणि तुम्ही म्हणालात, "बरोबर आजी, हा मांजऱ्याच. हे पांढरं म्हणजे झिओलाइट नावाचं खनिज." तिचा शब्द खोडला नाहीत, त्याच्या शेजारी आपला ठेवलात.

माझ्या बापानं विहीर खोदली तेव्हा आई डोक्यावर पाटी घेऊन त्यातला दगड उपसत होती. तीन बोअर घेताना मला तिला विचारायचं सुचलं नव्हतं. हे लिहितानाही लाज वाटते.

शिकलेली माणसं खूप भेटतात हो. पण समोरच्यालाही काही ठाऊक असेल असं धरून चालणारी किती? बसमध्ये सरकून जागा देणारा, दवाखान्यात म्हातारीला खिडकी दाखवणारा, त्याच जातकुळीच्या तुम्ही.

आईनं जाताना विचारलं होतं, हे पुन्हा पेटंल का? तुम्ही सांगितलंत, इथलं विझलं. आपली भूमी उत्तरेला सरकली. खालची धग आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तिथला ज्वालामुखी आजही उसळतो. आपल्या देशातला जागा ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर, दीडशेहून जास्त वर्षं निपचित राहून 1991 ला उठलेला. आई आता शेजारणींना सांगते, "निद्रिस्ताचा भरवसा नसतो."

चौथी बोअर घेतली नाही. तुमच्या सांगण्याप्रमाणं जुन्या विहिरीचंच काम केलं. यंदा मे महिन्यात मोटर पाऊण तास चालतेय.

तुमचं भिंग मात्र आमच्याकडंच राहिलंय. आईच्या कनवटीला असतं. मी पोस्टानं पाठवतो म्हटलं तर देत नाही. म्हणते, त्यांना म्हणावं येऊन घेऊन जा, धिरडी करते.

तुमचा,
विहिरीवाला