क्रोनोग्राफवाल्या काकांना, मनापासून

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव चारचौघांत घेतलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. नाशिकमध्ये हाताने धनुष्यं करणारी माणसं मोजकीच आहेत, ती ओळखतीलच.

मखमलाबादच्या त्या शेडमध्ये तुम्ही क्रोनोग्राफ, म्हणजे बाणाचा वेग मोजायचं यंत्र, मांडलात, त्याआधीही आमच्यात वेगाचे आकडे फिरत होतेच. साध्या बांबूच्या धनुष्यातून 170, 180 फूट प्रतिसेकंद! बाण किती ग्रॅमचा, दोरी किती इंच खेचली, एवढं विचारलं की आकडा सांगणारा चिडायचा. आणि हे नुसत्या बढाईवर थांबलं नाही. तसा आकडा गाठायला नवी मुलं बोरूसारखे हलके बाण सोडायला लागली. हलका बाण धनुष्यातली सगळी ताकद घेऊन जात नाही, उरलेली भुजांत, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडच्या वाकणाऱ्या भागांत, आणि दोरीतच राहते. म्हणजे बाण न लावता दोरी रिकामी सोडल्यासारखाच मार. धनुष्याच्या पोटाला, म्हणजे खेचणाऱ्याकडच्या बाजूला, आडव्या बारीक सुरकुत्या पडतात, टोकाची खाच उभी चिरते, आणि एक दिवस भुजा तुटून हातात येते. चांगली चांगली धनुष्यं अशी गेली. ज्यांनी या नादाला लावलं त्यांच्याकडे गेलं की "तुझा बांबूच कच्चा होता" एवढं ऐकून परत यायचं. धनुष्य हातात घेऊन बघण्याची तसदीही कोणी घेतली नाही.

तुम्ही आलात ते धनुष्याचा जोर मोजायचा ताणकाटा, सराफ वापरतात तसला छोटा डिजिटल काटा आणि एक वही घेऊन. ताणकाट्याला आधी दहा लिटर पाण्याचा कॅन टांगून तो खरा बोलतो का ते पाहिलंत. मग प्रत्येकाचा बाण तोलला. धनुष्य पुरं खेचायला लागणाऱ्या जोराच्या दर पाउंडामागे दहा ग्रेनचा बाण, हा तुमचा नियम. 42 पाउंडाला 420 ग्रेन, म्हणजे 27.2 ग्रॅम. बाण हलका भरला तर पुढच्या पोकळीत तांब्याची तार सरकवून वजन पुरं करायचं. बाणावर 28 इंचांवर काळा दोरा गुंडाळलात आणि तो कुठे येतो हे बघायला बाजूला एक माणूस उभा केलात, कारण इंचभर जास्त खेचलं की दोनतीन पाउंड जोर वाढतो आणि आकडा फुगतो. खेचून धरून ठेवलं तर उलटं होतं: बांबू तेवढ्यात ढिलावतो आणि वेग उतरतो. म्हणून खेच पुरी झाली की लगेच सोडायचं.

उघड्या उन्हात सेन्सर बाण चुकवतात. ट्यूबलाइटखालीही भलतेच आकडे देतात, कारण जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. द्राक्षबागेवर अवकाळीच्या भीतीने टाकतात तो पांढरा प्लास्टिकचा कागद तुम्ही सेन्सरवर ताणलात आणि आकडे जागेवर आले. नाशिककराला असं सामान शोधायला लांब जावं लागत नाही.

पण काका, हे पत्र यातल्या कशासाठीच नाही. ते वहीच्या पहिल्या ओळीसाठी आहे.

सगळे आपापलं धनुष्य घेऊन उभे होते आणि पहिलं कोणी जायचं यावर चुळबुळ चालली होती. कमी आकडा आला तर काय, ही धाकधूक प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होती. तुम्ही "आधी माझं लिहा" म्हणालात. पाच बाण सोडले, सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा वगळून उरलेल्या तिन्हींची सरासरी काढली. 131. जाणकारांचा ढोबळ ठोकताळा असा की दहा ग्रेनच्या हिशोबात नुसत्या लाकडाच्या बऱ्या धनुष्याचा वेग त्याच्या पाउंडांत शंभर मिळवले की येतो, म्हणजे तुमच्या धनुष्याला 142 यायला हवे होते. तुम्ही पेन घेतलंत आणि स्वतःच्या अक्षरात, ठळक, 131 लिहिलंत. शेजारी 42 पाउंड, 28 इंच, 27.2 ग्रॅम. आणि मग धनुष्य उलटं धरून टोकाकडचे सहा इंच सगळ्यांना चाचपायला दिलेत: "इथे जाड राहिलंय, म्हणून."

त्या ओळीनंतर शेडमधली हवाच बदलली. कोणी आकडा लपवला नाही. 118 आलेल्या मुलानेही स्वतःच्या हाताने 118 लिहिलं आणि कारण शोधायला बसला. त्याच्या धनुष्याची दोरी उतरवल्या उतरवल्या तीन इंच वाक राहत होता, दीडच्या आत असायला हवा. बांबू पुरता वाळला नव्हता आणि मुठीजवळ पहिल्याच दिवशी जास्त वाकवला होता. दुसऱ्या एकाची टोकं पंधरा मिलिमीटर रुंद होती, ती दहाबारावर आणायची ठरलं, कारण टोकाकडचा प्रत्येक ग्रॅम दोरीला बाणाबरोबर ओढून न्यावा लागतो, मुठीजवळचा नाही. जाडी कमी करायची तर घासायचं फक्त पोटाकडून. पाठीवरची बांबूची साल अखंड हवी, पेरं फक्त हलक्या हाताने साफ करायची. हे तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता सांगितलंत, आणि कानस मात्र ज्याची त्याच्याच हातात ठेवलीत.

अशी माणसं असतात म्हणून कुठलीही कारागिरी पुढच्या हातात जाते. पेठ-सुरगाण्याकडे धनुष्य करणारा म्हातारा कोवळा बांबू हातात घेत नाही, तोडलेला सावलीत वाळवतो, आणि पोराने विचारलं तर का ते सांगतो. ज्याला खरंच येतं त्याला लपवावं लागत नाही, मोठा आवाजही करावा लागत नाही. तुमच्यामुळे हे आम्हाला इतक्या जवळून पाहायला मिळालं. त्याचे आभार कसे मानायचे ते कळत नाही, म्हणून नुसतं लिहितो: काका, फार मोठं काम केलंत तुम्ही.

वही आमच्याकडेच राहिली आहे. त्यातले सगळे आकडे पावसाळ्यातले, बांबूने दमट हवा पिऊन घेतलेल्या दिवसांतले. संक्रांतीच्या सुमारास हवा कोरडी झाली की तीच धनुष्यं, त्याच दोऱ्या, तेच बाण घेऊन पुन्हा मोजायचं ठरलं आहे. बाणांवर मालकांची नावं टाकून ठेवली आहेत. दुसऱ्या रकान्यातली पहिली ओळ तुमच्यासाठी मोकळी सोडली आहे. टोकं घासून झाली असतील तर तेच धनुष्य आणा.

तुमची,
नाशिकची धनुष्य करणारी मंडळी