कोऱ्या फॉर्मवरची सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मी माझी २०१४ सालची वॅगन-आर विकली. मध्ये एजंट नको, आपणच विकू, असा मुलाचा हट्ट होता. मोबाइलवर फोटो टाकले आणि पुढचे अठरा दिवस जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात बाजार भरला.

फोन करणारा पहिलाच प्रश्न विचारतो, "काय ओ काका, लास्ट किती?" गाडी बघितलेली नाही, कागद बघितलेले नाहीत. पहिल्या दोघांना मी भोळेपणाने आकडा सांगून बसलो. घरी आल्यावर त्यांनी घासाघीस त्या आकड्याच्या खालूनच सुरू केली. नंतर एकच उत्तर ठेवले: "आधी गाडी बघा, भावाचं समोरासमोर बोलू." निम्मे तिथेच गळाले. एकाने आपण मिलिटरीत आहोत, गाडी न बघताच घेतो म्हणून ॲडव्हान्ससाठी क्यूआर कोड धाडला. स्कॅन करून पिन टाका म्हणे! पैसे घ्यायला पिन लागत नाही हे माझ्या नातवालाही ठाऊक आहे.

चक्कर मारायची असेल तर आधी लायसन्स दाखवायचे, शेजारी मी बसणार. यावर एक तरुण रुसून गेला. जाऊ दे.

मग कर्नाटकातल्या इंडीहून दोघे भाऊ आले, सोबत मेकॅनिक. मागचा डावा दरवाजा रिक्षाने घासला होता, तो रंगवून घेतलाय, हे मी आपणहून सांगितले. मेकॅनिकने ते दोन मिनिटांत ओळखलेच असते, आणि मग माझ्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवला नसता. गाडी पसंत पडली. दोघे बाजूला होऊन कन्नडमध्ये कुजबुजले: अडीचला मागू, दोन-सत्तरपर्यंत जाऊ. साठ वर्षे सोलापुरात काढलेल्या माणसाला कन्नड कळत नसेल असे त्यांना का वाटावे, कोण जाणे. मी दोन-सत्तरवर अडून बसलो आणि ते कबूल झाले.

तरीही सौदा मोडला, आणि तो मी मोडला. गाडी कर्नाटकात जाणार म्हणजे आधी इथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला हवा, फॉर्म २८ भरून. मी म्हटले, एनओसी हातात आली की गाडी न्या. त्यांना गाडी त्याच संध्याकाळी हवी होती. "तुम्ही फक्त २९-३० वर सह्या करा, बाकीचं आमचं आम्ही बघून घेतो." २९ आणि ३० म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म.

हे वाक्य मी आधी एकदा ऐकले होते. २०१७ साली स्कूटर विकताना कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. घेणाऱ्याने ती नावावर केलीच नाही. दोन वर्षांनी माझ्या मोबाइलवर चलन आले. फोटोत माझी स्कूटर, वर तिघे, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. दंड मीच भरला. अपघात झाला असता तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या दाव्यात सांगून ठेवले आहे की गाडी कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. घेणाऱ्याला ३० दिवस असतात. म्हणजे कळवण्याचे काम आपलेही आहे. सगळे घेणाऱ्यावर सोडून आपण मोकळे होतो, चूक तिथेच होते.

शेवटी मोहोळच्या एका शिक्षिकेने दोन-साठला गाडी घेतली. दहा हजार कमी आले, पण बाईंनी माझ्या सगळ्या अटी मानल्या. फॉर्म दोघांनी समोरासमोर बसून पूर्ण भरले. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहिली, आधारची प्रत घेतली. वर दहा हजार माझ्याकडे अनामत ठेवले, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या दाखल्यावर, नाव चढले की परत. माझा फास्टॅग मी त्याच दिवशी बंद केला. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो आपलाच राहतो. त्याचे पत्र कंपनीकडून घेतले, पुढच्या गाडीला चालेल. गेल्या सोमवारी बाईंनी नव्या आरसीचा फोटो पाठवला आणि मी अनामत परत केली.

आरटीओला एक विनंती. विकणाऱ्यानेही १४ दिवसांत कळवायचे असते, असा ठळक मराठी फलक कार्यालयाच्या दारात लावावा. जमल्यास शेजारी कन्नडमध्येही. आणि सूचना घेऊन आलेल्या विकणाऱ्याला पोचपावती न मागता मिळावी.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर