ऑनलाइन एफएनपीला प्रवेश घेण्याआधी : मैत्रिणीस पत्र

प्रिय नीलू,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या ऑनलाइन एफएनपीच्या, म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या (पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स, थोडक्यात एनपी), कोर्सांचा तू पाठवलेला तक्ता काल रात्री नीट वाचला. एका रकान्यात विद्यापीठ, पुढे फी, क्रेडिट्स, किती वर्षं, आठवड्याला किती तास अभ्यास. आयसीयूच्या नाईट्स करून, ओवीची शाळा सांभाळून हे सगळं शोधून काढलंस याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण त्या तक्त्यात एक रकाना नाही, आणि माझ्या मते बाकी सगळे रकाने त्याच्यानंतर येतात. प्रीसेप्टर, म्हणजे क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष पेशंटवर शिकवणारी व्यक्ती, कोण शोधणार, तू की विद्यापीठ?

फोनवर हे पाच मिनिटांत उरकलं असतं, पण तुला पुन्हा पुन्हा वाचता यावं म्हणून सविस्तर लिहितेय.

‘ऑनलाइन एफएनपी’ म्हणतात त्यातला ऑनलाइन भाग म्हणजे फक्त वर्ग. पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी, फिजिकल असेसमेंट हे तीन मोठे विषय, मग रिसर्च, हेल्थ पॉलिसी वगैरे. ते तू रात्री ओवी झोपल्यावर करशील, त्याची मला जराही काळजी नाही. खरा अभ्यासक्रम क्लिनिकमध्ये असतो. सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसायला देखरेखीखालचे किमान ५०० तास लागतात, आणि २०२२ साली नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणाचे जे राष्ट्रीय निकष आले त्यांनी हा आकडा ७५० वर नेला. तेही प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचे तास. आता गणित कर. आठ तासांचा दिवस धरला तर ७५० तास म्हणजे ९४ दिवस. आठवड्याला दोन दिवस गेलीस तर जवळजवळ अकरा महिने. आणि बहुतेक क्लिनिकं चालतात सोमवार ते शुक्रवार, दिवसा. म्हणजे शनिवार-रविवारी किंवा रात्री उरकू म्हणशील तर ते जमायचं नाही.

या ९४ दिवसांसाठी कुणीतरी डॉक्टर किंवा एनपी तुला शेजारी उभं करून शिकवायला तयार हवा. शिवाय एफएनपी म्हणजे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळे पेशंट, त्यामुळे एकच क्लिनिक पुरत नाही. मोठ्यांचं क्लिनिक मिळतं. मुलांचं आणि स्त्रीरोगाचं मिळता मिळत नाही, कारण त्याच खुर्चीसाठी मेडिकल स्टुडंट, पीएचे (फिजिशियन असिस्टंटचे) विद्यार्थी आणि पाच विद्यापीठांचे एनपीचे विद्यार्थी रांगेत असतात. माझ्या इथली एक मल्याळी मैत्रीण अतिशय हुशार, सगळ्या विषयांत ए. तिच्या विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी ‘आम्ही मदत करतो’ असं सांगितलं होतं. ती मदत म्हणजे दवाखान्यांच्या फोन नंबरांची जुनी यादी निघाली. पीडियाट्रिक्सच्या रोटेशनला, म्हणजे मुलांच्या क्लिनिकमधल्या तासांना, प्रीसेप्टर मिळाला नाही म्हणून तिची अख्खी टर्म गेली. शेवटी एका मध्यस्थ कंपनीला पैसे मोजून जागा मिळवली, आणि तो खर्च तिच्या तक्त्यातल्या फीमध्ये कुठेच नव्हता. तिची तेव्हाची अवस्था मी जवळून पाहिलीय. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

म्हणून विद्यापीठांशी बोलताना ‘प्लेसमेंटला मदत करता का’ असं विचारू नकोस. त्याला सगळे हो म्हणतात. विचार, की ठरलेल्या तारखेपर्यंत मला प्रीसेप्टर मिळाला नाही तर काय होतं? टर्म पुढे ढकलली जाते का, आणि त्या टर्मची फी कोण भरतं? ठरलेला प्रीसेप्टर मध्येच सोडून गेला तर दुसरा किती दिवसांत देता? माझ्या हॉस्पिटलशी आणि ह्यूस्टनमधल्या मोठ्या क्लिनिक-साखळ्यांशी तुमचे करार झालेले आहेत का? हा करार फार महत्त्वाचा. तुझ्या ओळखीची डॉक्टर तोंडी हो म्हणाली तरी विद्यापीठ आणि तिची संस्था यांच्यात कागद झाल्याशिवाय तुला पेशंटला हात लावता येत नाही, आणि वकिलांच्या टेबलावर तो कागद महिनोन्‌महिने पडून राहू शकतो. उत्तरं ईमेलवर घे, फोनवर नको.

आता तुझ्या यादीकडे येते. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीचं वैशिष्ट्य असं की सहा महिन्यांच्या टर्मची ठरावीक फी भरायची आणि त्यात जितके विषय पूर्ण होतील तितके करायचे. १९९७ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून काढलेली ही ना-नफा संस्था आहे. स्वतःहून अभ्यास करणाऱ्याला हे स्वस्त पडतं आणि तुझा स्वभाव त्याला साजेसा आहे. पण लक्षात घे, वर्ग भरभर संपवता येतात, क्लिनिकलचे तास भरभर संपवता येत नाहीत. चेंबरलेन आणि वॉल्डन ही दोन्ही विद्यापीठं नफ्यासाठी चालणाऱ्या एकाच कंपनीची. नुसत्या त्या कारणाने मी त्यांना वाईट म्हणणार नाही. तिथून शिकलेल्या चांगल्या एनपींबरोबर मी काम केलंय. तिथे मात्र दर क्रेडिटच्या फीशिवाय टर्मागणिक आणखी काय काय लागतं ते लिहून माग.

आर्लिंग्टनचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचं, पारडं मला तुझ्यासाठी जड वाटतं. सरकारी विद्यापीठ आहे आणि तुझ्याच राज्यातलं आहे. टेक्सासच्या दवाखान्यांना ते नाव परकं नाही, तिथली मुलं त्यांच्याकडे आधी येऊन गेलेली असतात, आणि करारांच्या बाबतीत हीच गोष्ट कामाला येते. डेंटनच्या टेक्सास वूमन्स युनिव्हर्सिटीलाही यादीत घे, तू ती का गाळलीस कळलं नाही.

आणि एक नाव तुझ्या तक्त्यात नव्हतं : केंटकीचं फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी. मेरी ब्रेकिनरिज नावाच्या बाईंनी १९२५ साली केंटकीच्या डोंगराळ भागात घोड्यावरून घरोघर जाणाऱ्या नर्स-मिडवाइफची सेवा सुरू केली, त्यातून १९३९ मध्ये ही शाळा उभी राहिली. ऑनलाइन हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हापासून ते दूरस्थ शिकवतायत. क्लिनिकल आपल्याच गावात करायचं, आणि मध्ये कॅम्पसवर जाऊन प्रत्यक्ष हाताने शिकायचं. मला असे कॅम्पसवर बोलावणारे कोर्स आवडतात. टाके घालणं, पेल्व्हिक तपासणी, बाळाचा कान ऑटोस्कोपने बघणं हे व्हिडिओ बघून येत नाही. विमानाचं तिकीट आणि तीन-चार दिवसांची रजा गेली तरी चालेल. जॉर्जटाउनसारख्या ठिकाणी प्लेसमेंट विद्यापीठच बघतं, पण फी ऐकून प्रसादभाऊजींना धाप लागेल, आणि क्लिनिकमधल्या नोकरीसाठी त्या नावाचे इतके जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

कुठेही जा, तीन गोष्टी आधी तपास. सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे ना. टेक्सासमधल्या विद्यार्थ्याला ते घेतात ना, आणि त्यांच्या पदवीवर टेक्सासचं लायसन्स मिळतं असं त्यांनी लेखी दिलंय ना. बाहेरच्या राज्यातल्या ऑनलाइन विद्यापीठांना प्रत्येक राज्यासाठी हे जाहीर करावं लागतं. आणि पहिल्याच प्रयत्नात सर्टिफिकेशन पास होणाऱ्यांचं प्रमाण. दोन वेगळ्या संस्थांच्या परीक्षा आहेत, कुठलीही एक द्यायची. एएएनपीची १५० प्रश्नांची आहे, जवळजवळ पूर्ण क्लिनिकल. एएनसीसीची १७५ प्रश्नांची, त्यात थोडं रिसर्च आणि पॉलिसीही येतं. डीएनपीचं, म्हणजे नर्सिंगमधल्या डॉक्टरेटचं, विचारलं होतंस. २०२५ पर्यंत एनपीसाठी डॉक्टरेट व्हावी असा आग्रह शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने धरला होता, पण परीक्षेला आणि लायसन्सला मास्टर्स अजून चालतं. तू आत्ता मास्टर्सच कर.

पैशाचं सांगते. हॉस्पिटलकडून वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणासाठी मिळाले तर त्यावर टॅक्स लागत नाही. मात्र ते फुलटाइम असण्याशी बांधलेलं आहे का आणि नंतर किती वर्षं तिथेच राहण्याची अट आहे, हे एचआरकडून समजून घे. क्लिनिकलच्या वर्षात तू तास कमी केलेस आणि नेमकी तेव्हाच ही मदत बंद झाली तर पंचाईत. कर्जाचे नियमही बदललेत. १ जुलै २०२६ पासून नवीन कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज बंद, आणि साध्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण १ लाखापर्यंतच. आर्लिंग्टनसारख्या फीमध्ये तुला याची अडचण येऊ नये. महागड्या ठिकाणी मात्र वरची रक्कम खासगी कर्जाने उभी करावी लागेल, ती करू नकोस असंच मी सांगेन.

पगाराचं चित्रही डोळ्यांसमोर असू दे. देशाच्या सरकारी आकड्यांत मे २०२३ मध्ये आरएनचं (रजिस्टर्ड नर्सचं) मधलं वार्षिक उत्पन्न ८६,०७० डॉलर होतं आणि एनपीचं १,२६,२६०. पण तुझ्या पंधरा वर्षांच्या अनुभवावर नाईट डिफरन्शियल (रात्रपाळीचा जादा भत्ता) आणि ओव्हरटाइम धरलास तर नव्या एफएनपीच्या पगारात आणि तुझ्यात फारसं अंतर उरणार नाही. फक्त पैशासाठी करत असशील तर हिशोब पुन्हा मांड.

आणि इथे मला तुला एक विचारायचंय, रागावू नकोस. तुला एफएनपीच का करायचंय? एवढी वर्षं तू कार्डिअ‍ॅक आयसीयू केलंस. व्हेंटिलेटर, ड्रिप्स, बलून पंप यात तुझा हात बसलाय. एफएनपी झालीस की दिवसभर बीपी, शुगर, खोकला, लसीकरण, दहा वर्षं तेच पेशंट. मला ते फार आवडतं, कारण एखाद्या बाईची शुगर हळूहळू उतरताना बघणं, तिच्या मुलीलाही आपणच तपासणं, यात मला समाधान मिळतं. पण एफएनपी घेऊन परत आयसीयूत एनपी म्हणून काम करू असं मनात असेल तर ते चूक ठरेल. २००८ च्या राष्ट्रीय आराखड्यापासून दिशा अशी आहे की प्रायमरी केअरचं, म्हणजे रोजच्या दवाखान्यातल्या कामाचं, शिक्षण घेतलेल्याने प्रायमरी केअर करावी, आणि अतिदक्षता विभागासाठी अ‍ॅडल्ट-जेरॉन्टॉलॉजी अ‍ॅक्युट केअर एनपी हा वेगळा कोर्स आहे. देशातल्या दर दहा एनपींमध्ये सुमारे सात एफएनपी असतात, म्हणून सगळ्या तिकडेच वळतात. ओवीसाठी दिवसाची ड्यूटी हवी हे कारण मला पूर्ण पटतं. तेवढंच असेल तर तसं सांग. पण तुझं मन आयसीयूतच असेल तर दुसऱ्या कोर्सचा तक्ता कर.

राज्याचाही फरक पडतो. इथे इलिनॉयमध्ये सर्टिफिकेशननंतर ४,००० तासांचं काम आणि २५० तासांचं जादा शिक्षण झालं की डॉक्टरांच्या लेखी कराराशिवाय प्रॅक्टिस करता येते. टेक्सासमध्ये औषध लिहून द्यायचं तर डॉक्टरांशी करार कायम लागतो, आणि शेड्यूल टूची (कडक नियंत्रणातली, सवय लावणारी) औषधं हॉस्पिटल आणि हॉस्पिस (अखेरच्या आजारातली सेवा) सोडून लिहिता येत नाहीत. शेजारच्या न्यू मेक्सिकोत मात्र एनपीला डॉक्टरांच्या कराराशिवाय पूर्ण अधिकार आहेत. पुढेमागे स्वतःचं छोटं क्लिनिक काढायचं म्हणत होतीस, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आता लगेच करायचं काम. बहुतेक ठिकाणी आपली बीएस्सी नर्सिंगची पदवी कोर्स-बाय-कोर्स तपासून मागतात, आणि साधारण चारपैकी तीन किंवा जास्त जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. त्यासाठी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणपत्रक) परदेशी पदव्या तपासणाऱ्या मूल्यांकन संस्थेकडे थेट जावं लागतं. लायसन्सच्या वेळी केलेला रिपोर्ट चालेल असं गृहीत धरू नकोस, त्यात जीपीए असेलच असं नाही. कुणाचा रिपोर्ट चालतो ते विद्यापीठाला विचार आणि मग अर्ज कर. कॉलेजमधून मार्कशीटच्या प्रती, सही-शिक्के, नाशिकची फेरी यात वेळ जाणार. तुझा भाऊ नगरला आहे ना, त्याला गळ घाल. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत त्याचं एकदा नाशिकला जाणं झालं तर बरं.

आणि ड्यूटीचं. क्लिनिकलच्या वर्षात नाईट करून सकाळी पेशंट तपासायला उभी राहू नकोस. औषधाचा डोस ठरवताना झोपाळलेलं डोकं नको. तुझ्या युनिटमध्ये वीकेंडच्या दिवसपाळ्या मिळतात का ते मॅनेजरशी आत्तापासून बोल. शनिवार-रविवार ड्यूटी, आठवड्यात दोन दिवस क्लिनिक, उरलेले दिवस अभ्यास आणि घर. त्या वर्षी आईंना भारतातून बोलवता आलं तर ओवीची काळजी मिटेल. भाऊजींशी मी स्वतः बोलेन, हवं तर.

प्रीसेप्टरसाठी शोध आजच सुरू कर, प्रवेश मिळायच्या आधी. ओवीची पीडियाट्रिशियन, तुझी स्वतःची गायनॅक, युनिटमधून एनपी होऊन गेलेल्या जुन्या मैत्रिणी, महाराष्ट्र मंडळातले डॉक्टर, सगळ्यांना विचारून ठेव. ह्यूस्टनमधल्या एका कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये माझ्या ओळखीची एनपी आहे, मुलं आणि मोठे दोन्ही बघते. तिला तुझ्याबद्दल लिहिलंय, तिचं उत्तर आलं की तुमची गाठ घालून देते.

तक्त्यात तो रकाना घालून, विद्यापीठांची उत्तरं भरून मला परत पाठव. रविवारी दुपारी मी मोकळी असते, तेव्हा व्हिडिओवर बसून एकेक वाचू.

ओवीला खूप खूप आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मीना