हायडेलबर्गचा प्राध्यापक आणि आपली राज्यघटना

पुणे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी तू जर्मनीची राज्यघटना वाचतोयस हे कळलं आणि कधीचं मनात असलेलं तुला लिहावंसं वाटलं.

तिथली घटना २३ मे १९४९ ला जाहीर झाली, आपली त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला स्वीकारली गेली. अंतर सहा महिन्यांचं, पण मनातली भीती निराळी. जर्मनांना धास्ती होती स्वतःच्याच संसदेची. २३ मार्च १९३३ ला राइशटागने, म्हणजे तेव्हाच्या जर्मन संसदेने, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी हिटलरच्या सरकारला कायदे करण्याचे सर्वाधिकार देऊन टाकले. कम्युनिस्ट खासदारांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. तरी कागदोपत्री दोन-तृतीयांश बहुमत झालं! म्हणूनच ७९व्या कलमात त्यांनी लिहून ठेवलं की मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्य यांच्या मूळ तत्त्वांना घटनादुरुस्तीनेही हात लावता येणार नाही.

आपल्याकडे असं कलम नाही. आपल्या घटनाकारांनी पुढच्या पिढ्यांवर विश्वास टाकला. घटनादुरुस्ती फार अवघड असू नये, हे बाबासाहेबांचंही मत होतं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेल्या देशाने लोकप्रतिनिधींवर भरवसा ठेवला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण आता खरी गोष्ट ऐक. १९६५ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक डीट्रिश कॉनराड बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यानाला आले. त्यांनी विचारलं, घटनादुरुस्तीच्या अधिकारात घटनाच रद्द करून मोगल बादशहाची किंवा इंग्लंडच्या राजघराण्याची सत्ता परत आणता येईल का? हिटलरच्या आधीचं जर्मनीचं वायमार प्रजासत्ताक कसं बुडालं हे ठाऊक असलेल्या माणसाचा प्रश्न होता तो. पुढे केशवानंद भारती खटल्यात वकील नानी पालखीवाला दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा आहेत म्हणून झुंजले, आणि २४ एप्रिल १९७३ ला तेरा न्यायमूर्तींपैकी सात जणांनी घटनेची 'मूलभूत चौकट' बदलता येणार नाही असा कौल दिला. न्या. खन्नांनी निकालपत्रात कॉनराड यांचे विचार उद्धृत केले आहेत.

सात विरुद्ध सहा! एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर, या विचाराने अजूनही धस्स होतं. त्यामुळे जर्मनीसारखं लेखी कलम आपल्यालाही हवं होतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग आणीबाणीतली ४२वी घटनादुरुस्ती नीट वाचली. १९७६ मध्ये संसदेने घटनादुरुस्तीचा अधिकार देणाऱ्या कलम ३६८ मध्येच घालून टाकलं की दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही आणि कोर्टात दादही मागता येणार नाही. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मर्यादा नुसती एका कलमात असती, तर त्या संसदेने सर्वांत आधी तेच कलम खोडलं असतं. ती घटनेच्या गाभ्यातूनच निघते असं न्यायालयाने मानलं होतं, म्हणून टिकली.

एका बाबतीत मात्र जर्मनांचंच अनुकरण करावंसं वाटतं. तिथे नवा चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, निवडल्याशिवाय जुन्याला अविश्वासाने घालवता येत नाही. १९८२ मध्ये श्मिट गेले तेव्हा त्याच ठरावाने कोल आले. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं, पर्यायी सरकार कुणालाच जमेना, आणि देश पुन्हा निवडणुकीला सामोरा गेला.

जर्मन घटनेचं पहिलंच कलम मानवी प्रतिष्ठेबद्दल आहे. तुझ्या लेकीला शाळेत ते कसं शिकवतात, १९३३ चं काय सांगतात, हे तिला विचारून सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश