कॅमेरा तक्त्यावरून निवडू नये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

प्रगत डीएसएलआर (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांची तुलना करणारा तक्ता आपल्या पुरवणीत वाचला. निकॉन डी५०० आणि कॅनन ७डी मार्क टू शेजारी शेजारी मांडले आहेत. एकाचे २०.९ मेगापिक्सेल, दुसऱ्याचे २०.२. दोघांचा वेग सेकंदाला १० फोटो, दोघांचे शटर २ लाख फोटोंपर्यंत टिकेल असे कंपन्यांचे म्हणणे, दोघांतही कार्डाचे दोन खण. एवढे वाचून कुणीही म्हणेल, चिठ्ठी टाका आणि एक उचला. तक्त्यातला एकही आकडा चुकीचा नाही. पण हे दोन कॅमेरे जिथे वेगळे वागतात, ती जागा त्या रकान्यांत येतच नाही.

दुसरे म्हणजे, ७डी मार्क टू २०१४ चा आणि डी५०० २०१६ चा. दोघांचेही उत्पादन थांबले आहे. आज यांपैकी एक घेणारा बहुधा वापरलेलाच घेणार. म्हणजे मॉडेलची तुलना निम्मीच. उरलेली निम्मी समोर ठेवलेल्या त्या दोन नगांची.

तुलनेला बसण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांच्या सेटिंग फॅक्टरी रिसेट कराव्यात. आधीच्या मालकाने काय काय बदलून ठेवले आहे, ते मेन्यूत शोधत बसण्यात अर्थ नाही. मग निकॉनचे ॲक्टिव्ह डी-लायटिंग आणि कॅननचे ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, या उजेड-सावली आपोआप सावरणाऱ्या सोयी बंद कराव्यात. कॅननमध्ये हायलाइट टोन प्रायॉरिटी (उजळ भाग फटफटीत होऊ न देणारी सोय) चालू राहिली, तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० निवडताच येत नाही, सुरुवात २०० पासून होते. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या फाइलीत, काढावेत. जेपीईजीची तुलना म्हणजे दोन कंपन्यांच्या रंगाच्या आवडीची तुलना, सेन्सरची नव्हे. व्ह्यूफाइंडरबद्दल मत बनवण्याआधी शेजारची डायॉप्टरची (नजरेच्या नंबराची) चकती आपल्या डोळ्याला जुळवून घ्यावी. 'याचा व्ह्यूफाइंडर अंधूक आहे' ही तक्रार बरेचदा तिथेच मिटते.

सेन्सरचा खरा फरक सावलीत दिसतो. ट्रायपॉडवर, आयएसओ १०० ला, ज्या दृश्याला १/१५ सेकंद योग्य आहे त्याचा फोटो १/२५० ला काढा, म्हणजे चार स्टॉप कमी (दर स्टॉपला प्रकाश निम्मा). मग संगणकावर दोन्ही रॉ फाइली चार स्टॉप उजळा. ७डी मार्क टूच्या गडद भागात दाणे आणि फिकट पट्टे वर येतात; डी५०० च्या सावल्या बऱ्याच स्वच्छ राहतात. हीच चाचणी आयएसओ ३२०० ला केली, तर दोघांतले अंतर खूप कमी होते. तेव्हा निसर्गदृश्ये काढून सावल्या उजळण्याची सवय असेल, तर हा मुद्दा मोठा. कमी उजेडात खेळाचे फोटो काढणाऱ्याने त्यावर फार अडून राहू नये.

खरा वेळ फोकसला द्यावा. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग आरशाच्या पेटीच्या तळाशी असतो. मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पलीकडे गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली वळतो. ही वाट आणि लेन्सपासून सेन्सरपर्यंतची वाट, दोन्ही तंतोतंत सारख्या लांबीच्या असाव्या लागतात. आरसा केसभर जरी सरकला, तरी कॅमेरा 'फोकस झाला' असे सांगतो आणि डोळ्यांऐवजी कान धारदार येतो.

तपासण्यासाठी आपल्याच वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवावे, त्याच्या शेजारी एक मोजपट्टी ४५ अंशात तिरकी ठेवावी आणि तिचा मधला आकडा पानाच्या पातळीत आणावा. फोकस पानावरच्या बारीक छपाईवर घ्यायचा, पट्टीवर नाही. पुष्कळजण थेट तिरक्या पट्टीवर फोकस घेतात आणि फसतात, कारण फोकस बिंदूचे प्रत्यक्ष क्षेत्र व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा मोठे असते आणि तो पट्टीवरचा नेमका कुठला आकडा धरतो, ते कळत नाही. ५० मिलिमीटर लेन्स असेल तर अंतर साधारण २.५ मीटर, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) पूर्ण उघडे, मधला बिंदू. दहा फोटो काढावेत. प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवावा: पाचदा रिंग अनंताकडे फिरवून, पाचदा अगदी जवळ आणून. नंतर तसेच तीन-चार फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून. लाइव्ह व्ह्यूत मोजणी थेट सेन्सरवर होते, आरशाचा संबंध नसतो, म्हणून ते फोटो आपले माप.

आता पट्टी वाचा. व्ह्यूफाइंडरमधून काढलेले दहाही फोटो एकाच बाजूला सारखेच सरकलेले असतील, तर घाबरायचे कारण नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत उणे २० ते अधिक २० पर्यंत दुरुस्ती करता येते. पण फोटो कधी पुढे, कधी मागे असे विखुरलेले असतील, तर ती दुरुस्ती निरुपयोगी. तो नग ठेवून द्यावा, निदान दुसऱ्या लेन्सवर पुन्हा तपासावा. दुरुस्तीच्या सोयीतही फरक आहे. कॅननमध्ये झूम लेन्सच्या दोन टोकांसाठी वेगवेगळी दुरुस्ती नोंदवता येते. डी५०० मध्ये एका लेन्सला एकच आकडा, त्यामुळे एक टोक सुधारावे तर कधी कधी दुसरे बिघडते. उलट डी५०० हा आकडा स्वतः काढू शकतो: लाइव्ह व्ह्यूत फोकस घ्यायचा, मग एएफ (ऑटोफोकस) मोडचे बटण आणि व्हिडिओचे लाल बटण दोन सेकंदांहून जास्त एकत्र दाबून धरायचे. एका फेरीवर मात्र विसंबू नये. चार-पाचदा करून मधला आकडा धरावा.

धावत्या विषयासाठी सरळ आपल्याकडे येणारी सायकल पुरेशी आहे. शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान, सलग तीन सेकंद, म्हणजे सुमारे ३० फ्रेम. पहिल्या तीन वेगळ्या मोजा, त्यांवरून कॅमेरा फोकस किती लवकर पकडतो ते कळते. उरलेल्यांवरून तो किती टिकवतो ते. ७डी मार्क टूचे ६५ फोकस बिंदू सगळे क्रॉस प्रकारचे (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे) आहेत. डी५०० चे १५३, त्यांत ९९ क्रॉस, आणि आपल्याला निवडता येणारे ५५. तक्त्यात हा सामना ६५ विरुद्ध १५३ असा दिसतो, पण हातात घेतल्यावर महत्त्व असते पसाऱ्याला. डी५०० मध्ये मोठ्या सेन्सरच्या (फुल-फ्रेम) निकॉन डी५ चेच फोकस मॉड्यूल लहान सेन्सरवर बसवले आहे, त्यामुळे बिंदू चौकटीच्या डाव्या-उजव्या कडांना जवळजवळ भिडतात. पक्षी डाव्या-उजव्या कडेला गेला तरी सुटत नाही. एफ/५.६ च्या टेलिफोटोला १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (पल्ला वाढवणारी जोडलेन्स) लावला की ॲपर्चर एफ/८ होते; तेव्हा डी५०० चे १५ बिंदू चालतात, ७डी मार्क टूचा फक्त मधला.

सेकंदाला १० फोटो दोघेही काढतात, पण किती वेळ? कॅननचे बफर (कार्डावर लिहिण्याआधी फोटो साठवणारी तात्पुरती स्मृती) सुमारे ३१ रॉ फोटोंत भरते, म्हणजे तीन सेकंद. डी५०० एक्सक्यूडी या वेगवान मेमरी कार्डावर २०० रॉपर्यंत जातो, वीस सेकंद. फोकस मॅन्युअल, शटर १/५०० आणि बटण दाबून धरा; ठेका मोडल्याचा आवाज कानालाच कळतो. दोन्ही खणांत एकाच वेळी रॉ लिहायचे ठरवले, तर वेग सावकाश कार्डाचा मिळतो. ७डी मार्क टूचा एसडी खण यूएचएस-१ या कमी वेगाच्या प्रकारचा आहे, त्यामुळे पाठीवर टोकांची दुसरी ओळ असलेले महागडे यूएचएस-२ कार्ड तिथे घातले तरी ती ओळ नुसती शोभेची. डी५०० चा एसडी खण यूएचएस-२ आहे. शिवाय फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) अद्ययावत केले, तर त्याच्या एक्सक्यूडी खणात सीएफएक्स्प्रेस टाइप बी कार्डही चालते.

व्हिडिओचे थोडक्यात सांगतो. डी५०० फोर-के देतो, पण त्यात चौकटीच्या कडांना आणखी १.५ पट काप (क्रॉप) बसतो: २४ मिलिमीटरची लेन्स ५४ सारखी दिसते, वाइड अँगल गेलाच. कॅनन फुल एचडीवर थांबतो, मागची स्क्रीनही हलवता येत नाही, पण ड्युअल पिक्सेल फोकसमुळे चालत्या माणसावर शांतपणे राहतो. तिथे डी५०० चा लाइव्ह व्ह्यू पुढे-मागे चाचपडतो.

आता नगाची तपासणी. निकॉनचा शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडले तो आकडा) फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, विक्रेत्याकडे नुकताच काढलेला फोटो मागितला की तो वाचता येतो. ७डी मार्क टूच्या फाइलमध्ये तो मिळत नाही. मेन्यूतल्या सिस्टिम स्टेटस डिस्प्लेमध्ये हजारांच्या हिशेबात दिसतो. कॅननचा सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डाचा खण टॉर्च पाडून पाहावाच. आत ५० बारीक टाचण्या असतात, कार्ड तिरके घुसवले की एखादी वाकते आणि मग दुरुस्ती खर्चिक. एक्सक्यूडीत ही भीती नाही. सेन्सरवरची धूळ पाहायला एफ/१६ ला कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाचा, फोकस घालवून फोटो काढा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. कडा वेड्यावाकड्या असलेला डाग धुळीचा, तो फुंकणीने जातो. गोल, कडेला वलय असलेला डाग बहुधा तेलाचा, त्याला ओली सफाई लागते. फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो, कारण प्रतिमा उलटी पडते. दाबलेल्या वायूचा डबा मात्र आत मारू नये, त्यातला द्रव सेन्सरवर उडतो.

बॅटरीचे वयही मेन्यूत मिळते. निकॉन ० ते ४ असा आकडा दाखवतो, ४ म्हणजे बदला. कॅनन हिरव्या तीन पट्ट्या दाखवतो, खालावली की लाल. डी५०० सोबत मिळणाऱ्या ईएन-ईएल१५ बॅटरीच्या पाठीवरचे बारीक अक्षर वाचावे. लिथियम-आयनच्या खुणेपुढे ०१ असेल तर ती जुनी पिढी. चांगली भरलेली असूनही डी५०० तिला लवकर रिकामी ठरवतो. २० असेल तर ठीक.

आपले,
डीएसएलआर हाताळणारे दोन वाचक