नेक आधी, बाकी सगळं नंतर

चि. सानिका हिस,
अनेक आशीर्वाद.

जुने भाग घेऊन इलेक्ट्रिक गिटार जोडायची म्हणतेस, त्यासाठी तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. बॉडी घ्यायला हरकत नाही, नेकचे, म्हणजे बोटं चालतात त्या लांब दांड्याचे पैसे मात्र अजून देऊ नकोस. तुझ्या ८,००० रुपयांतले निम्मे नेकवर गेले तरी चालतील. वायरिंग चुकलं तर दहा मिनिटांत उकलता येतं, रंग कधीही देता येतो, पण पीळ पडलेला नेक वसतिगृहाच्या खोलीत सरळ व्हायचा नाही.

जुने भाग एकमेकांना जुळतात ते स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या घडणीमुळे. १९५४ मध्ये लिओ फेंडर यांच्या कंपनीने ती बाजारात आणली, तिचा नेक बॉडीला चार स्क्रूंनी आवळलेला होता. पुढे कितीतरी कंपन्यांनी तीच रचना उचलली आणि मापं थोडी थोडी बदलली. त्या थोड्या फरकातच पैसे बुडतात. स्टीलची पट्टी आणि व्हर्नियर (बारीक मापं घेण्याचं साधन) घेतल्याशिवाय कुठलाही भाग बघायला जाऊ नकोस.

नेक हातात आला की नटपासून (डोक्याकडची खाचांची पट्टी, तिच्यावरून तारा जातात) बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या माथ्यापर्यंत मोज. ३२४ मिमी भरले तर पूर्ण स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, ६४८, आपल्याला हवी तीच. ३१४ च्या आसपास भरले तर तो नेक सोड. तुझ्या बॉडीवर ब्रिजची (तारा टेकतात त्या धातूच्या भागाची) भोकं आधीच पाडलेली आहेत, तिथे त्याचे सूर लागणारच नाहीत. बुडाची, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाची रुंदी ५६ मिमी हवी. मग नेक डोळ्यासमोर धर आणि बुडाकडून डोक्याकडे दोन्ही कडांवरून नजर टाक. दोन्ही कडा सारख्याच वाकल्या असतील तर आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, ते सुधारू शकते. एक कड वर आणि दुसरी खाली गेलेली दिसली तर तो पीळ, कितीही स्वस्त असला तरी परत दे. विकणाऱ्याला विचारून ट्रस रॉडला अ‍ॅलन की लावून पाव फेरा फिरव. की नुसतीच घसरली तर खाचा झिजल्या आहेत, तोही नको. पहिल्या तीन फ्रेटवर तारांचे खळगे असणारच. नखाला जेमतेम जाणवले तर ठीक. नख अडकलं तर फ्रेट घासून घेण्याचा खर्च आधीच धर.

जोडताना सगळ्यात जास्त चुका स्क्रूंच्या भोकांत होतात. बॉडीतलं भोक साडेचार मिमीचं, स्क्रू त्यातून हाताने सहज सरकेल असं. नेकमधलं ३ मिमीचं. स्क्रूचे आटे बॉडीतही धरले तर कितीही आवळलं तरी नेकखाली फट राहते आणि सूर टिकत नाही. खोलीचा हिशेब असा: स्क्रू ४५ मिमी, त्यातले सुमारे ३० प्लेट आणि बॉडीत जातात, उरलेले १५ नेकमध्ये. बुडाची जाडी साधारण २५ असते. ड्रिल बिटवर १६ मिमीला चिकटपट्टीची खूण कर, नाहीतर बिट वरून बाहेर येईल. स्क्रूला साबण चोळ, म्हणजे कठीण मेपलमध्ये तो तुटत नाही. नेकची जुनी भोकं जुळली नाहीत तर कठीण लाकडाची खुंटी फेविकॉलने बसव आणि २४ तास थांब. आगपेटीच्या काड्या पट्ट्याच्या बटणाला चालतात, इथे नाही.

ब्रिज घेताना कडेच्या दोन स्क्रूंमधलं अंतर बॉडीवरच्या भोकांशी ताडून बघ. काहींत ते ५६ मिमी असतं, काहींत ५२.५. डोळ्यांना हा फरक कळत नाही.

पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक आणि वेटोळं, मल्टिमीटरशिवाय घेऊच नकोस. २० के (किलोओहम) रेंजवर साधा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा पिकअप, ५ ते ७ किलोओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली आहे. त्याला पॉट, म्हणजे आवाज आणि टोन कमीजास्त करायची फिरकी, २५० के. हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) मिळाला तर ५०० के. पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, हे आकडे मिळाले नाहीत तर २२० आणि ४७० के घे, कानाला फरक पडणार नाही. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही, कारण तो पत्रा उष्णता ओढून घेतो. आधी पॉलिश पेपरने घास, फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारी पेस्ट) लाव, ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न तीन-चार सेकंद टेकव, मगच सोल्डर. डाग चकचकीत दिसला पाहिजे.

ब्रिजपासून ग्राउंडची वायर विसरू नकोस, बहुतेकांची तीच राहते. गिटार अ‍ॅम्पला लावून तारांना हात लाव. गुणगुण कमी झाली तर बरोबर. वाढली तर जॅकच्या (केबल खुपसतो त्या भोकाच्या) दोन वायरी उलट लागल्या आहेत. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ आला तर त्यातल्या एकाच्या वायरी अदलाबदल कर. ट्यूबलाइटजवळ सिंगल कॉइल गुणगुणतोच, तो तुझा दोष नाही.

०९ ते ४२ च्या (इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी) तारा चढव आणि एक रात्र तशीच ठेव. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबून सातव्या फ्रेटपाशी फट बघ. साधे दोन कागद जातील एवढी पुरे. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग पुन्हा बघ. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारांची उंची: बारीक तारेखाली दीड मिमी, जाड तारेखाली दोन. सॅडल (ब्रिजवरचे प्रत्येक तारेचे छोटे ठोकळे) पार खाली जाऊनही तारा उंच राहिल्या तर नेकच्या खाचेत ब्रिजकडच्या टोकाला अर्ध्या मिमीची कार्डाची पट्टी घाल. सगळ्यात शेवटी सूर: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळव. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे.

मल्टिमीटर आणि व्हर्नियर उद्याच्या पार्सलने पाठवते आहे. मल्टिमीटरला ९ व्होल्टची बॅटरी लागते, ती तिथे घे. रविवारी नेक बघायला जाशील तेव्हा दोन्ही कडांचे फोटो पाठव.

तुझी,
आई