यशवंतरावांची लोकसभेतली भाषणे नाशिकने मराठीत आणावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर १२ मार्चला आणि २५ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांवर लेख येतात. नाशिकचा उल्लेख त्यात एका वाक्यात उरकलेला असतो: १९६३च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेवर पाठवले. मग हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री येतो, ओझरचा मिग लढाऊ विमानांचा कारखाना येतो आणि लेख संपतो. आपण पाठवलेला माणूस सभागृहात उभा राहून काय बोलला, ते कुणी सांगत नाही. ते सगळे छापलेले आहे आणि घरबसल्या फुकट वाचता येते. पण ते बहुतेक इंग्रजीत आहे आणि शोधायला किचकट आहे. त्यातली निवडक भाषणे मराठीत आणायचे काम नाशिकने अंगावर घ्यावे, यासाठी हे पत्र.

हल्ली खासदाराचे मोजमाप तीन आकड्यांवर होते: हजेरी, विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयके. या मापाने १९६३ ते १९६७ या काळात नाशिकच्या खासदाराच्या नावापुढे शून्य पडेल. कारण ते तेव्हा संरक्षणमंत्री होते, आणि मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत आणि खासगी विधेयकही मांडत नाहीत. त्यांचे काम दिसते ते निवेदनात, पुरवणी प्रश्नांच्या उत्तरांत आणि खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवरील चर्चेच्या उत्तरात. त्यातही पुरवणी प्रश्न महत्त्वाचे. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाचे मूळ उत्तर खात्याने लिहून दिलेले असते, त्यावर लगेच विचारलेल्या पुरवणी प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला जागेवर द्यावे लागते. खात्यावर त्याची पकड किती, ते तिथे कळते.

२ सप्टेंबर १९६३चे निवेदन वाचा. बासष्टच्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली होती. तो अहवाल गोपनीय ठेवायचा आणि तरीही सभागृहाला काहीतरी खरे सांगायचे, अशी ती कोंडी होती. चौकशीचे मुद्दे पाच होते: प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि सर्व पातळ्यांवरच्या सेनाधिकाऱ्यांचा आपल्या हाताखालच्या माणसांवरचा प्रभाव. चव्हाणांनी हे मुद्दे एकेक करून घेतले. प्रशिक्षण त्या डोंगराळ मुलखाला आणि चिनी डावपेचांना धरून नव्हते. सामग्रीचा तुटवडा होताच, पण खरी अडचण ती वेळेवर पुढच्या ठाण्यापर्यंत पोचवण्याची होती. रस्ते नव्हते, वाहने अपुरी होती. उंचीवरच्या हवेची सवय नसलेली माणसे वर पाठवली गेली. जसजसे वरच्या हुद्द्यांकडे जावे तसतशा उणिवा ठळक होत गेल्या. गुप्तवार्ता गोळा करण्यात आणि त्यांचा अर्थ लावण्यात ढिलाई झाली. आणि सैन्य कितीही मोठे व सुसज्ज असले तरी त्याला धोरणाची दिशा सरकारनेच द्यावी लागते, असे सरकारच्या बाकावरून बोलले गेले. दोषी म्हणून त्यांनी एकाही अधिकाऱ्याचे नाव घेतले नाही. पराभव आधीच्या मंत्र्याच्या काळातला होता, त्यामुळे सगळे खापर त्याच्यावर फोडणे सोपे होते. तसे न करता मंत्र्याने उणिवांची यादी सभागृहापुढे ठेवली. आमच्या मते हे त्यांचे संसदेतले सर्वांत जबाबदार भाषण आहे.

आता हे शोधायचे कसे आणि अडते कुठे, ते सांगतो. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभा चर्चांचा विभाग आहे. तिथे आधी कितवी लोकसभा ते निवडावे. नाशिकच्या काळासाठी तिसरी. मग अधिवेशन, मग तारीख. थेट नाव टाकून शोधू नये. जुनी पाने स्कॅन केलेली आहेत, यंत्राने केलेल्या अक्षरओळखीत नावे मोडतात आणि शोधात निम्मी पाने सुटतात. गावाचे नाव टाकायचेच तर जुन्या इंग्रजी स्पेलिंगने टाकावे, म्हणजे ‘एन-ए-एस-आय-के’. आजचे ‘एच’ असलेले स्पेलिंग टाकले की काही सापडत नाही आणि माणूस नाशिकबद्दल कुणी बोललेच नाही असे समजून उठतो.

त्याहून मोठी चूक नावाची होते. त्याच काळात संरक्षण खात्यात उपमंत्रीही चव्हाणच होते, कराडचे खासदार डी. आर. चव्हाण. मंत्र्याचे उत्तर ‘वाय. बी.’ आद्याक्षरांनी छापलेले असते, उपमंत्र्याचे ‘डी. आर.’ने. ती दोन अक्षरे न पाहता उतरवून घेतले की एकाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडी जाते. अनुक्रमणिकेत सदस्याच्या नावावर अधिकचे चिन्ह दिसले, तर तो प्रश्न त्याच सदस्याने सभागृहात प्रत्यक्ष विचारला असा त्याचा अर्थ. तारखेपुढे शक दिनांकही असतो. २ सप्टेंबर १९६३ म्हणजे ११ भाद्र १८८५. आणि संदर्भ पान क्रमांकाने देऊ नये. जुन्या खंडांत प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत आणि क्रमांक रकान्यांना आहेत. पान समजून रकान्याचा आकडा टिपला की पुढचा वाचक भलत्याच ठिकाणी पोचतो.

नाशिकचे खासदार असतानाची आणखी दोन कामे घेण्यासारखी आहेत. ६ सप्टेंबर १९६५ला लाहोर आघाडीवर आपल्या फौजा सीमेपलीकडे गेल्याचे सांगणारे निवेदन, आणि १९६४ ते १९६९ या काळाची संरक्षण योजना. या योजनेत सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि हवाई दलाच्या ४५ तुकड्या ठरल्या होत्या. ओझरला मिग का बनू लागली, याची पार्श्वभूमी या योजनेच्या चर्चेत सापडते.

१९६७ नंतर ते साताऱ्याचे खासदार झाले, म्हणून नाशिकचा संबंध संपला असे मानू नये. विरोधी बाकावरचे चव्हाण वाचायलाच हवेत. विरोधी पक्षनेत्याला वेतन आणि वैधानिक दर्जा देणारा कायदा १९७७चा. तो १ नोव्हेंबर १९७७ला लागू झाला तेव्हा लोकसभेत त्या खुर्चीवर तेच होते. जुलै १९७९मध्ये मोरारजी देसाई सरकारवरचा अविश्वास ठराव त्यांनीच मांडला. या ठरावाला कारणे लिहावी लागत नाहीत. पन्नास सदस्य उभे राहिले की तो चर्चेला येतो. मतदान होण्याआधीच, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. त्यामुळे हा ठराव मंजूर झाल्याची नोंद नाही, पण सरकार त्यानेच गेले. नुसते निकालांचे तक्ते पाहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

अर्थमंत्री म्हणून केलेली भाषणे सुरुवातीला बाजूला ठेवली तरी चालतील. अर्थसंकल्पाचे भाषण खात्यांनी मिळून लिहिलेले असते. घ्यायचेच तर चर्चेच्या शेवटी दिलेले उत्तर घ्यावे.

हे काम कुणी करायचे? १८४०पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय नाशकात आहे, आणि यशवंतरावांचेच नाव लावणारे मुक्त विद्यापीठही १९८९पासून इथेच आहे. दोघांनी मिळून सहा-सात जणांचा गट केला तरी पुरे. अनुवाद करताना मधले अडथळे गाळू नयेत. ‘काही माननीय सदस्य’ अशा नावाने छापलेली ओरड, अध्यक्षांचे ‘शांत राहा’, पुन्हा पुन्हा विचारलेला तोच प्रश्न हे सगळे राहू द्यावे. ते काढले की चर्चेचे प्रवचन होते. कामकाजातून काढून टाकलेल्या शब्दांच्या जागी तारका असतात; तिथे अंदाजाने शब्द भरू नयेत. लोकसभेच्या सध्याच्या नियम ३७२प्रमाणे मंत्र्याच्या निवेदनावर त्याच वेळी प्रश्न विचारता येत नाहीत, अशी टीप निवेदनाखाली द्यावी, नाहीतर सभागृह गप्प का बसले असे वाचकाला वाटेल. तपासणी दोघांनी करावी: एकाने मूळ इंग्रजी मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मराठीवर बोट ठेवून ऐकावे. आकडे आणि हुद्दे यातच जास्त चुका होतात, म्हणून ते पुन्हा स्वतंत्रपणे ताडावेत.

पहिल्या खेपेला फक्त २ सप्टेंबर १९६३चे निवेदन घ्यावे. ते लांब नाही, आणि मराठीत झाले की आपल्या वृत्तपत्राच्या पुरवणीच्या एका पानावर मावेल. ते पान आपल्या वृत्तपत्राने द्यावे, ही विनंती.

आपले,
संसदीय चर्चांचे काही वाचक, नाशिक